मॅडम आणि ज्येष्ठमधाची कांडी

आमच्या मॅडमना माणसापेक्षा त्याच्या पोटात काय गेलंय यात जास्त रस होता. नवीन माणूस भेटला की बाकीचे लोक नाव विचारतात, गाव विचारतात. आयर्लंडमध्ये तर आधी हवेवर दोन वाक्यं बोलल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही. मॅडम समोरच्याच्या हातात चहाचा कप येईपर्यंत कशाबशा थांबत आणि मग विचारत, "गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

भूल देणाऱ्या डॉक्टरला हे विचारावंच लागतं, मान्य आहे. पण डब्लिनला एका मराठी लग्नाच्या रिसेप्शनमध्ये त्यांनी नवऱ्यामुलाच्या वडिलांना विचारलं होतं. बिचारे स्टेजवर आहेर घेत उभे होते. त्यांनी दोन गोळ्या सांगितल्या. मॅडम म्हणाल्या, "आणि?" मागे रांग थांबलेली. त्यांनी तिसरी सांगितली, जी त्यांच्या बायकोलाही माहीत नव्हती. त्या लग्नात नंतर काय झालं ते मी इथे सांगत नाही.

मी त्यांच्या घरी दोन वर्षं राहिले. आयर्लंडच्या पश्चिमेचं गाव. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण तिथे हॉस्पिटल एकच आहे आणि मराठी भूलतज्ज्ञ तर त्याहून एकच. मी पुण्याहून नुकतीच आलेली ज्युनियर डॉक्टर, गावात भाड्याला खोली मिळत नव्हती. मॅडमनी कॉरिडॉरमध्ये गाठून विचारलं, "स्वयंपाक येतो?" मी म्हटलं, "थोडा." "खोटं बोलत नाहीस, बरं आहे. माझ्याकडे ये." त्या दिवसापासून माझं नाव 'पुणेकर' पडलं. खरं नाव त्यांना फक्त फॉर्म भरताना लागे.

त्या मूळच्या वर्ध्याकडच्या, शिकल्या नागपूरला. या देशात येऊन त्यांना वीस वर्षं होऊन गेली होती. पन्नाशीच्या पुढच्या, बुटक्या, आणि चालताना कायम वाऱ्याशी भांडत असल्यासारख्या पुढे वाकलेल्या. लग्न केलं नव्हतं. का, असं एका नर्सनं विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "कन्सेंट मिळाली नाही." कोणाची, ते सांगितलं नाही. पेशंटला भूल द्यायच्या क्षणी त्या मराठीत "चला" म्हणत. इतकी वर्षं ते ऐकून सगळ्या आयरिश नर्सनाही सवय झाली होती. दिवसाची ऑपरेशनची लिस्ट सुरू करायची असली की त्याही एकमेकींना "चला, चला" म्हणत, आणि तो ऑपरेशनमधलाच कुठला तरी शब्द असावा असं नवीन सर्जनना वाटे.

सकाळी नाश्त्याला लोक पेपर वाचतात, तशा मॅडम औषधांच्या खोक्यातले कागद वाचत. बारीक अक्षरातला तो घडीचा कागद टोस्टच्या बाजूला पसरायचा आणि दाद देत वाचायचा. "हे बघ, पुणेकर. क्वचित प्रसंगी जिभेचा रंग काळा. वा!" स्वतः मात्र साधी डोकेदुखीची गोळीही घेत नसत. डोकं दुखत असेल तर त्याला काही कारण असेल, म्हणत, आणि त्या कारणाची वाट बघत बसत. स्वयंपाकघरातल्या कपाटाला त्या इथल्या लोकांसारखं 'प्रेस' म्हणत. त्या प्रेसमधल्या प्रत्येक बाटलीवर उघडल्याची तारीख लिहिलेली असे. हिंगाच्या डबीवरसुद्धा.

त्यांची खरी कीर्ती होती ती ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीत. तिथे त्या एकच प्रश्न चार वेळा विचारत. मी त्यांच्या शेजारी बसून ते पाहिलंय. सत्तरीचा एक शेतकरी आला होता, खुब्याचं ऑपरेशन. टोपी मांडीवर ठेवून बसला.

"औषधं कुठली घेता?"

"काहीच नाही, डॉक्टर."

मॅडमनी समोरचं पत्र वाचलं. "रक्त पातळ करायची गोळी?"

"ती धरायची का? ती तर रोजचीच आहे."

"ठीक. आणखी काय घेता?"

"काही नाही."

"दुकानातून आणलेलं काही? मेडिकलमधून, बाजारातून?"

"नाही, नाही."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बायको सकाळी काय पाजते?"

म्हाताऱ्यानं टोपी उलटी करून आत पाहिलं. "ते तांबडं पाणी होय? तो चहा आहे. चिनी बाईकडचा. पायात रक्त चांगलं फिरतं म्हणे."

ते डॅनशेन नावाचं तांबडं मूळ निघालं. रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर ते घेतलं की रक्त फारच पातळ होऊ शकतं. तपासलं, तर तसंच झालेलं. तसाच टेबलावर घेतला असता तर काय झालं असतं ते सांगायला भूलतज्ज्ञ लागत नाही. ऑपरेशन पुढे गेलं, लिस्ट बिघडली म्हणून सर्जन आठ दिवस मॅडमशी बोलला नाही. मॅडमना ते सोयीचंच पडलं.

त्या शनिवारी त्या मला घेऊन चिनी बाईच्या दुकानात गेल्या. मेन स्ट्रीटवर केस कापायचं दुकान आणि घोड्यांवर पैसे लावायचं दुकान यांच्या मध्ये ते अरुंद दुकान होतं. भिंतभर लाकडी खण, काचेच्या बरण्या, त्यांत सालं, मुळं, वाळलेली फुलं. मागे एक सत्तरीची बारीक बाई, अंगात हर्लिंग खेळणाऱ्या स्थानिक टीमचं जाकीट. तिचं इंग्रजी थेट आमच्या शेतकरी पेशंटसारखं होतं. पंचवीस वर्षं झाली होती तिला या गावात.

मॅडमनी सरळ विचारलं, "डॅनशेन देताना तुम्ही रक्ताच्या गोळ्यांबद्दल विचारत नाही का?"

"विचारते की," बाई म्हणाली. "त्यालाही विचारलं होतं. नाही म्हणाला."

"नाही म्हणाला?"

"तुम्हाला काय म्हणाला?"

मॅडम म्हणाल्या, "मलाही आधी नाहीच म्हणाला."

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. दुसरी कुठलीही दोन माणसं असती तर इथून मैत्री सुरू झाली असती. मॅडम बाहेर आल्या, कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि म्हणाल्या, "धोकादायक बाई आहे."

मग दर शनिवारी त्या दुकानात जाऊ लागल्या. घ्यायच्या काही नाहीत, बरण्या वाचायच्या. ही कशावर देता, किती देता, कोणाला देत नाही. बाई शांतपणे उत्तरं द्यायची. कधी म्हणायची, गरोदर बाईला हे देत नाही. कधी म्हणायची, याचं मला नक्की माहीत नाही. "नक्की माहीत नाही" ऐकलं की मॅडमचा चेहरा उजळे आणि त्या वहीत टिपून घेत. घरी आल्यावर म्हणत, "कबूल तरी करते." त्यांच्या तोंडून ही मोठी स्तुती होती, पण तसं त्यांना सांगायची सोय नव्हती.

त्या वहीतून पुढे हॉस्पिटलमध्ये एक व्याख्यान झालं, चिनी जडीबुटी आणि आपले पेशंट यावर. स्लाइड मी बनवल्या होत्या, त्यामुळे मला चांगल्या आठवतात. त्यातली एक होती गान-त्सावची. इंग्रजीत लिकरिश. मॅडमनी सांगितलं, की हे मूळ चिनी औषधांच्या जवळजवळ प्रत्येक पुडीत थोडंसं असतं, बाकीच्या औषधांना सांभाळून घेतं म्हणून. खोकल्याला देतात, पोटाला देतात. थोड्या दिवसांसाठी थोडं घेतलं तर बहुतेकांना काही होत नाही. पण रोज, भरपूर, आठवड्यामागून आठवडे घेतलं, तर शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, ब्लडप्रेशर चढतं, पोटॅशियम उतरतं. स्नायूंतली ताकद जाते, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आणि त्यात पेशंट लघवीची गोळी घेत असेल तर आणखी वाईट, कारण तीही पोटॅशियमच बाहेर घालवते. "विचारा," मॅडम म्हणाल्या. "पेशंट स्वतःहून सांगणार नाही. विचारा."

ते व्याख्यान मी ऐकलं. स्लाइडवर त्या मुळाचा फोटोसुद्धा मीच लावला होता, पिवळसर काड्यांचा. हे सगळं आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढे जे झालं त्यात माझा वाटा किती ते कळेल.

त्या सप्टेंबरात मॅडमची आई आली. वर्ध्याच्या आजी. वय अठ्ठ्याहत्तर, नव्वद दिवसांचा व्हिसा, आणि सुटकेसमध्ये जवसाची चटणी एवढी की विमानानं त्यांना कसं उचललं याचं मला आश्चर्य वाटलं. आजी मॅडमच्या अगदी उलट. कोणालाच काही विचारायच्या नाहीत. समोरच्याचा हात हातात घ्यायच्या आणि स्वतःच बोलत सुटायच्या, वऱ्हाडीत. पोस्टमनशी, शेजारच्या कुत्र्याशी. पोस्टमन "ग्रँड, ग्रँड" म्हणायचा, म्हणजे इथलं 'छान, छान', आणि आजी मला सांगायच्या, "त्याले समजते सारं."

ऑक्टोबरात गारठा वाढला आणि आजींना कोरडा खोकला लागला. मॅडमनी छाती तपासली, एक्स-रे काढून आणला, काही नाही. म्हणून मग एका शनिवारी त्या डब्लिनला कुठल्याशा मीटिंगला गेल्या होत्या, तिथल्या भारतीय किराणा दुकानातून आजींसाठी शेवया, मुगाची डाळ आणि ज्येष्ठमधाचं अर्ध्या किलोचं पाकीट घेऊन आल्या. आजींचा चेहरा असा काही खुलला. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या गालात सकाळपासून झोपेपर्यंत एक कांडी. शिवाय त्याचाच काढा थर्मासमध्ये. चहासारखा, दिवसभर.

आणि हा थर्मास रोज रात्री धुणारी मी होते.

तीन-चार आठवड्यांनी आजींचं ब्लडप्रेशर वाढलेलं सापडलं. मॅडमनी आधी लोणचं जप्त केलं, मग चटणी. पायांवर सूज दिसायला लागली. प्रेशर तरी उतरेना. मग त्या आजींना गावातल्या फॅमिली डॉक्टरकडे घेऊन गेल्या. घरच्या माणसाला आपण औषध द्यायचं नाही हा नियम त्या कसोशीनं पाळत. पाऊस होता, आजींना गाडीतून उतरवायला दोघी हव्यात म्हणून मी बरोबर गेले.

डॉक्टर तरुण होता, व्यवस्थित होता. त्यानं सगळं विचारलं. आजींना इंग्रजी येत नाही, म्हणून मॅडम मध्ये बसून भाषांतर करत होत्या. किती दिवस झाले? मॅडमनी आजींना विचारलं, आजींनी सांगितलं, मॅडमनी इंग्रजीत सांगितलं. चक्कर येते का? तेही तसंच. मग त्यानं विचारलं, "याशिवाय आणखी काही घेतात का? जडीबुटी, घरगुती काही?"

"नाही," मॅडम म्हणाल्या.

आजींना विचारलंच नाही. माझ्या समोर झालं हे. आजी तेव्हा कांडी उजव्या गालातून डाव्या गालात नेत होत्या.

डॉक्टरनं लघवीची गोळी लिहून दिली.

आता तुम्ही म्हणाल, दोन दोन डॉक्टर घरात असून हे कसं? मी त्याचा पुष्कळ विचार केला आहे. लिकरिश हा शब्द आम्ही कॉलेजात फार्माकोलॉजीच्या पुस्तकात शिकलो, परीक्षेला पाच मार्कांना. ज्येष्ठमध आम्ही त्याच्या कितीतरी आधी शिकलो होतो, खोकत खोकत, आईच्या मांडीवर. एकच मूळ आहे हे विचारलं असतं तर दोघींनीही झोपेत सांगितलं असतं. पण विचारणारं कोणी नव्हतं. विचारणारी तर आमच्यात बसली होती.

आणखी एक संधी आली होती. आजी रोज दुपारी मेन स्ट्रीटवर एक फेरी मारत. एका संध्याकाळी जेवताना त्या म्हणाल्या, "त्या चिनी बाईचं दुकान हाय ना, आपल्या वर्ध्याच्या काष्ठौषधीवाल्यासारखा वास येते वं तिथं. लय चांगली बाई हाय. मी तिले माह्यातली एक कांडी देल्ली. त तिनं अशी मान हालवली, अन् चिमूट अशी बारीक करून दाखवली..."

"तू त्या दुकानात गेली होतीस?" मॅडमचा घास हातातच राहिला.

"रोज जातो."

"काही घेतलंस तिच्याकडून? खाल्लंस?"

"अवं, नाई."

"आई, त्या दुकानात पुन्हा पाय ठेवायचा नाही. तिथल्या एकेका बरणीत काय असतं तुला माहीत नाही."

आजी भात कालवायला लागल्या. त्या बाईनं मान का हलवली, चिमूट बारीक का करून दाखवली, हे विचारायचं आम्हा दोघींनाही सुचलं नाही.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी आजी स्वयंपाकघरात खुर्चीत बसल्या होत्या. चहा झाला, कप घेऊन उठायला गेल्या आणि उठताच येईना. मला वाटलं, गुडघे धरले असतील. आजी हसत म्हणाल्या, "पाय माह्ये आयकत नाईत." पुन्हा प्रयत्न केला. मग हसल्या नाहीत. मॅडमनी त्यांचं मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि मला म्हणाल्या, "गाडी काढ."

हॉस्पिटलमध्ये रक्त तपासलं तर पोटॅशियम इतकं खाली होतं की लॅबनं फोन करून विचारलं, नमुना बरोबर घेतलाय ना. मॉनिटरवर ठोके मधूनच चुकत होते, दोन नीट, एक वाकडा. त्या दिवशी ड्यूटीवर असलेली फिजिशियन शांत स्वभावाची आयरिश बाई होती. तिनं सलाईनमधून पोटॅशियम सुरू केलं. मॅडम पलंगाच्या उशाशी उभ्या राहून सलाईनचा वेग, नळी, आकडे, सगळ्यावर बोलत होत्या. दोन-तीन वेळा ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "आज तू मुलगी आहेस. बाहेर जाऊन बस."

वीस वर्षांत मॅडम पडद्याच्या त्या बाजूला कधी बसल्या नव्हत्या. प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या, पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पुणेकर, माही माय मरते काय वं?" त्यांच्या तोंडून वऱ्हाडी मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

मी काहीतरी म्हटलं. काय ते आठवत नाही. बहुधा "ग्रँड होईल" म्हटलं असेन, इथे सगळेच म्हणतात.

सोमवारपर्यंत ठोके बरेच सुधारले, पण पोटॅशियम घातलं की पुन्हा निसटत होतं. नुसत्या लघवीच्या गोळीनं एवढं व्हायला नको. फिजिशियननं किडन्यांवरच्या ग्रंथींच्या तपासण्या पाठवल्या, स्कॅनची वेळ घेतली. दुपारी मॅडम घरी आजींचा स्वेटर आणायला गेल्या आणि आजींच्या कोटाच्या खिशात त्यांना एक छोटी कागदी पुडी सापडली. वर चिनी अक्षरं.

त्या वॉर्डमध्ये आल्या तेव्हा पुडी प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली होती, खुनातला पुरावा असावा तशी. "चल," मला म्हणाल्या.

दुकानात एक गिऱ्हाईक होतं, ते मॅडमचा चेहरा बघून निघून गेलं. मॅडमनी पिशवी काउंटरवर ठेवली. "माझ्या आईला हे काय दिलंत?"

बाईनं पिशवीतूनच पाहिलं. "संत्र्याची साल. खोकल्याला गरम पाण्यात घालतात. तिला नुसता वास आवडला, म्हणून दिली. आहे कशी ती? दोन दिवस आली नाही."

"हॉस्पिटलमध्ये आहे. पोटॅशियम गेलंय. पायात ताकद नाही. हृदयाचे ठोके..." मॅडमनी पिशवी पुढे सरकवली. "सालीत आणखी काय होतं?"

बाई वळली, एक खण उघडला आणि त्यातून एक जाड, पिवळसर कांडी काढून काउंटरवर ठेवली. तिच्या बरण्यांत तिरक्या कापलेल्या पातळ चकत्या असत. ही अख्खी होती.

"ही तिनं मला दिली. गान-त्साव. चांगली आहे," बाई म्हणाली. "मी एका पुडीत तीन चकत्या घालते, चार. ती दिवसभर खाते. मी तिला खुणेनं सांगितलं, थोडं, थोडं. ती हसली. मी म्हटलं, मुलगी डॉक्टर आहे ना, तिला सांग. तिनं सांगितलं नाही का?"

मॅडमनी कांडी उचलली. नाकाजवळ नेली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. मला ती स्लाइड आठवली, आणि थर्मास.

"सांगितलं होतं," मॅडम म्हणाल्या.

गाडीत बसल्यावर त्यांनी किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. काचेवर पाऊस. समोर बघतच म्हणाल्या, "मीच आणलं. डब्लिनहून. मोठं पाकीट घेतलं, पुन्हा जाणं होणार नाही म्हणून." मी म्हटलं, "मॅडम, मीपण रोज बघत होते." "तू ज्युनियर आहेस," त्या म्हणाल्या. त्या अवस्थेतही हुद्दा विसरल्या नाहीत. मला त्याचं बरं वाटलं.

हॉस्पिटलमध्ये जाऊन त्यांनी आधी फिजिशियनला सगळं सांगितलं, उभ्यानं, केस सांगतात तसं. किती आठवडे, दिवसाला अंदाजे किती, कोणी आणून दिलं, डॉक्टरनं विचारल्यावर कोणी नाही म्हटलं. स्कॅन रद्द झालं. मग आजींकडे गेल्या.

"आई, तू ज्येष्ठमध खात होतीस ते डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

आजी उशीला टेकून बसल्या होत्या. "मले कोनं विचारलं?"

"औषध घेतेस का, हे मी तुला आल्या आल्या विचारलं होतं."

"हे का औषध हाय?" आजींना खरंच नवल वाटलं. "हे त लाकूड हाय वं. औषध असतं त सांगितलं असतं."

मॅडम पलंगाच्या कडेला बसल्या. लोक नेमकं काय लपवतात याचा त्यांनी वीस वर्षं पाठलाग केला होता. आणि इथे कोणी काही लपवलंच नव्हतं.

कांड्या बंद झाल्या. हळूहळू पोटॅशियम टिकायला लागलं. अशा वेळी परिणाम ओसरायलाही दोन-तीन आठवडे लागू शकतात, तसे ते लागले. प्रेशर उतरलं, सूज गेली, आजी आधी वॉकर घेऊन आणि मग वॉकरला शिव्या देत चालायला लागल्या. औषधाच्या दुष्परिणामांची नोंद करायचा सरकारी फॉर्म असतो, तो मॅडमनी भरला. आमच्या आठवड्याच्या मीटिंगमध्ये ही केस त्यांनी स्वतः मांडली. 'अठ्ठ्याहत्तर वर्षांची महिला' अशी सुरुवात केली, नातं सांगितलं नाही. मागच्या रांगेतल्या एका नवीन पोरानं विचारलं, की पेशंटची हिस्टरी इतकी वाईट कोणी घेतली होती? सगळे त्याच्याकडे बघायला लागले. "मी," मॅडम म्हणाल्या, आणि पुढच्या स्लाइडवर गेल्या. त्या पोराला नंतर कॅन्टीनमध्ये बोलावून त्यांनी कॉफी पाजली आणि सांगितलं की प्रश्न योग्य होता. तो बिचारा महिनाभर त्यांना बघितलं की जिन्यानं जायचा.

माझी बदली पुढे लिमरिकला झाली. मी भूलतज्ज्ञ झाले नाही, आता वृद्धांच्या वॉर्डात आहे, आणि रोज कोणाला ना कोणाला घरी काय चघळता, काय उकळून पिता, असं विचारते. औषध हा शब्द वापरत नाही. हे मी मॅडमकडूनच शिकले, पण त्यांनी मला जाणूनबुजून शिकवलेल्या गोष्टींत ते नव्हतं.

पण मला मॅडम आठवतात त्या आजी परत जायच्या आधीच्या शनिवारच्या. आजींनी हट्टच धरला होता, चिनी बाईला भेटल्याशिवाय विमानात बसणार नाही. मॅडमनी नाही म्हणून पाहिलं, मग म्हणाल्या, मी बरोबर येईन. जवसाची चटणी जप्तीतून सुटली, तिचा एक डबा भरून आम्ही तिघी गेलो.

बाईनं काउंटरमागून स्टूल बाहेर आणलं. दोघी म्हाताऱ्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, म्हणून मॅडमना मध्ये उभं राहावं लागलं. बाईनं चटणी बोटावर घेऊन चाखली, डोळे मिटले, काय आहे विचारलं. मॅडमनी सांगितलं. आजींनी कुठल्याशा बरणीकडे बोट दाखवलं. बाईनं त्यातून एक काळपट मूळ काढून आजींच्या तळहातावर ठेवलं, स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारली आणि दोन-तीन शब्दांत काहीतरी म्हणाली.

मॅडम आजींकडे वळल्या. "ती म्हणते, गुडघ्याला हे चांगलं असतं असं त्यांच्याकडे मानतात. पण त्याचा तसा पक्का पुरावा नाही. आणि तुझं पोटॅशियम आत्ता कुठे सावरलंय, तेव्हा डॉक्टरला विचारल्याशिवाय हे घ्यायचं नाही. घेतलंच तर किती घेतलं, कधी घेतलं, ते वहीत लिहायचं. आणि काही त्रास झाला तर लगेच बंद करायचं."

आजींनी बाईकडे पाहिलं. मग मॅडमकडे पाहिलं.

"बाई, तिनं तीन शब्द सांगितले. बाकीचं येवढं सारं कोन बोललं?"

"मी."

"मंग पह्यले तिचे तीन सांग. तुहे मंग आयकीन."

मॅडमनी चष्मा काढला, स्वेटरच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला. दुकानात आमच्याशिवाय कोणी नव्हतं, तरी त्यांनी एकदा दाराकडे पाहून घेतलं.

"गुडघ्याला चांगलं असतं," त्या म्हणाल्या.